थर्झाने काठी सोडली

थर्झा टपनने आयुष्यात एखादी गोष्ट सहजासहजी सोडून दिली, असं वेदरफोल्ड गावात कुणी शपथेवर सांगितलं नसतं. फुटलेल्या कपाचा कान ती जपून ठेवी, न जाणो, उद्या बिनकानाचा कप मिळाला तर? चर्चमध्ये तिची जागा तिसऱ्या रांगेच्या कडेची. एकदा पाद्रीसाहेबांची पाहुणी चुकून तिथे बसली, तर ही बाई सबंध प्रार्थनाभर तिच्या शेजारी उभी राहिली आणि पाहुणीचं अर्धं लक्ष देवाकडे, अर्धं हिच्याकडे. भांडणसुद्धा ती अर्ध्यावर टाकत नसे. "बाई चिवट आहे, पण मनाने लोणी," असं शेजारीण म्हणायची, आणि लगेच पुढे जोडायची की कडाक्याच्या थंडीतलं लोणी.

तिचं घर गावाच्या वरच्या अंगाला, खडूच्या टेकडीच्या पायथ्याशी. गारगोट्यांच्या भिंती, खाली दोन खोल्या, वर दोन, आणि मागे अर्धा एकर बाग. नवरा नोआ गवताच्या गंजीवरून पडून गेला त्याला सोळा वर्षं झाली होती. घर जहागिरीतलं. आमच्या या जहागिरीत बापाचं घर थोरल्याला मिळत नाही, धाकट्याला मिळतं. का, ते कुणाला माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. मात्र विधवा जोवर विधवा आहे तोवर धाकट्यानेही थांबायचं. तिच्या या हक्काला 'विधवेचं बाक' म्हणतात. तिने दुसरं लग्न केलं की बाक गेलं, घर गेलं, बाग गेली. 'डोक्यावर काळी टोपी, तोवर चूल आपली' अशी म्हणच आहे गावात. थर्झाची काळी टोपी सोळा वर्षांत उन्हाने तपकिरी झाली होती, पण डोक्यावरून हलली नव्हती.

घराचं तिला एवढं नव्हतं. छप्पर गळायचं, वरच्या खोलीत ताठ उभं राहिलं तर तुळई कपाळाला भेटायची. तिचा जीव अडकला होता तो बागेतल्या नासपतीत. बावीस वर्षांची नवी नवरी म्हणून आली त्याच हिवाळ्यात तिने ते झाड लावलं होतं. सासू म्हणाली होती, "नासपती लावावी ती नातवंडांसाठी. तुला कसली खायला मिळते?" त्यावर थर्झाचं उत्तर तयार होतं: "मी माझ्यासाठी लावतेय. नातवंडांनी आपली लावावी." सातव्या वर्षी झाडाला तीन फळं आली. तिन्ही तिने भिंतीआड बसून एकटीने खाल्ली आणि सासूला फक्त देठ दाखवले.

गावाच्या खालच्या टोकाला, ओढ्याकाठी, जेसी पेलिंग राहायचा. बागकामाच्या त्या होडीसारख्या लाकडी टोपल्या असतात ना, विलोच्या पातळ फळ्यांच्या आणि चेस्टनटच्या दांड्याच्या, त्या बनवणारा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. साठीला टेकलेला, विधुर, बोलायला कमी. हात मात्र असा की टोपलीत पाणी भरून घरी न्यावं. त्याच्या घराला बाग नव्हती, आवारभर लाकडाचे ढलपे. दरवर्षी मे महिन्यात, उन्हाळी सणाच्या रविवारी, तो नवी टोपली घेऊन टेकडी चढायचा आणि थर्झाच्या दारात उभा राहून विचारायचा, "मिसेस टपन, यंदा?"

"मास्तर पेलिंग, नासपती उतरली की बघू."

नासपती उतरायची ती ऑक्टोबरात. थर्झा टोपलीभर नासपती त्याच्याकडे पाठवून द्यायची, टोपली मोकळी करून परत मागवायची, आणि उत्तर द्यायचं राहून जायचं. अशा नऊ टोपल्या तिच्या माळ्यावर जमल्या होत्या. गावात लोक वर्षं त्यांच्यावर मोजत. "चौथ्या टोपलीच्या साली आमची गाय मेली," असं.

एकदा, सहाव्या की सातव्या टोपलीला, जेसी धीर करून एक वाक्य जास्त बोलला होता. "मला तुमचं घर नको आहे, मिसेस टपन. तुम्ही हव्या आहात."

"मी घरासकट आहे," थर्झा म्हणाली. "माझं घर काढलंत तर उरेल काय? टोपी."

जेसी टोपली ठेवून टेकडी उतरला. उत्तर घरी गेल्यावर सुचलं असेल, पण टेकडी मोठी.

हे असंच तिरडीपर्यंत चाललं असतं. पण त्या वर्षी सप्टेंबरात थर्झाच्या धाकट्या मुलाच्या, ईलायच्या, मालकाने शेत विकलं. ईलाय शेजारच्या गावात घोडागाडी हाकायचा आणि घर मालकाने दिलेलं. नोकरी गेली तसं घरही गेलं. महिनाअखेरीस बायको हॅना, तीन पोरं, एक पाळणा, दोन कोंबड्या आणि एक बिनकानाचा कप घेऊन ईलाय आईच्या दारात उभा राहिला. घर एक दिवस त्याचंच व्हायचं होतं, पण तसं तो बोलला नाही. बोलला एवढंच, "आई, थोडे दिवस."

"आत या, वारा येतोय," थर्झा म्हणाली आणि त्याच संध्याकाळी कपाचा जपून ठेवलेला कान काढून बिनकानाच्या कपाला लावून पाहिला. बसला नाही.

आता हॅनाबद्दल एक सांगून ठेवतो, की बाई वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळं होता आलं असतं. ती उजाडायच्या आत उठायची, गात गात फरशी धुवायची, आणि ज्या वस्तूला हात लावील ती अधिक चांगल्या जागी ठेवायची. मिठाचं मडकं चौतीस वर्षं चुलीच्या डाव्या बाजूला होतं. हॅनाने ते उजवीकडे ठेवलं, कारण उजवीकडे ओल नव्हती. बरोबरच होतं तिचं. पण थर्झाचा हात दिवसातून दहा वेळा डावीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

"सासूबाई, मीठ इकडे आहे."

"दिसतंय मला."

"तिकडे सादळतं ना ते."

"चौतीस वर्षं सादळलेलंच खाल्लं आम्ही. कुणी मेलं नाही."

"मामंजी मेले की," हॅना अगदी सरळपणे म्हणाली, आणि मग दोघींनाही हसू आवरेना. तेव्हा भांडणही होईना. एका म्यानात दोन तलवारी, आणि दोन्ही हसऱ्या, हा प्रसंग कठीणच.

मग थर्झा बाहेर पडायला लागली. आधी कारणं काढून, चाकूला धार लावायची, दोरी हवी, आणि मग कारणाशिवाय. टेकडी उतरून ती सरळ जेसीच्या कामाच्या पडवीत जायची आणि ओंडक्यावर बसायची. जेसी लाकूड घट्ट धरणाऱ्या आपल्या बाकड्यावर, ज्याला तो घोडा म्हणे, दोन्हीकडे पाय टाकून दोन मुठींच्या सुरीने चेस्टनट सोलत असायचा. ओल्या लाकडाचा वास, फळ्या वाकवायच्या वाफेच्या पेटीचा फुसफुसाट, आणि कुणी कुठलं मडकं हलवत नाही. त्याच्या पडवीत मडकंच नव्हतं. ती बोलायची, तो "हं" म्हणायचा. त्याचा 'हं' चार प्रकारचा असतो हे तिला आठवड्याभरात कळलं.

एका दुपारी बोलता बोलता तिला आठवलं की घरी आपण पाव भाजायला ठेवलाय आणि तो एव्हाना कोळसा झाला असेल. ती उठली नाही. उठावंसंही वाटलं नाही. पाव जळतोय आणि आपण इथे बसून आहोत आणि आपल्याला बरं वाटतंय, याचं तिला इतकं नवल वाटलं की ती मोठ्याने म्हणाली, "मास्तर पेलिंग, लग्न करायचं का?"

जेसीची सुरी थांबली. मग तो म्हणाला, "मे महिना नाहीये हा."

"माहितीये मला कुठला महिना आहे ते."

"मग करू," जेसी म्हणाला, आणि हातातली पट्टी सोलता सोलता पार दातकोरण्याएवढी करून टाकली.

आता इतकं ठरल्यावर सरळ चर्चमध्ये लग्नाआधी दोघांची नावं जाहीर करून घ्यायची, की झालं. पण थर्झाच्या मनात एक काटा होता. लग्न लागलं की जहागिरीच्या चोपडीत ओळ पडणार: नोआ टपनच्या विधवेने लग्न केलं, सबब बाक जप्त. "जप्त!" ती जेसीला म्हणाली. "मी काय चोर आहे जप्त व्हायला? सोळा वर्षं ओटा झाडला, छप्पर शाकारलं, झाड वाढवलं, आणि शेवटी माझ्या हातून हिसकावल्यासारखं लिहायचं? त्यांनी घेण्याआधी मीच देते. माझ्या हाताने. मग बघते काय लिहितात."

तशी सोय होती. वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, जहागीरदाराचा कारभारी येऊन 'निळा बोकड' या आमच्या गुत्त्याच्या माडीवर कचेरी भरवतो. ज्याला आपली जमीन सोडायची तो काठीचं एक टोक धरतो, कारभारी दुसरं टोक धरतो. सोडणारा काठी सोडतो आणि जमीन सुटते. मग तीच काठी नव्या माणसाच्या हातात देतात आणि जमीन त्याची होते. कागद नंतर. आधी काठी. याला सरेंडर म्हणतात.

कचेरीच्या दिवशी थर्झा धुतलेली टोपी घालून माडीवर गेली. ईलाय मागोमाग, बुटांचा आवाज होऊ नये म्हणून चोरासारखा. भिंतीशी बाकड्यावर गावचे सहा जुने खातेदार पंच म्हणून बसले होते, त्यांचा म्होरक्या एबेल ऊर्फ दादा वुडगेट, वय ब्याऐंशी. टेबलामागे कारभारी मिस्टर लॅशमार. हा लूइस शहरातला वकील, लांब नाकाचा, शब्दांचा शौकीन माणूस, आणि शौकीन माणसांसारखाच विसराळू. कागद काढले, दौत काढली, चष्मा काढला. मग टेबलाखाली वाकून बराच वेळ काही शोधलं.

"काठी," तो शेवटी म्हणाला, "घरी छत्र्यांच्या कुंडीत राहिली."

दादा वुडगेटने प्याला खाली ठेवला.

"हरकत नाही. पलीकडच्या गावी लेखणीनेच करतात. मिसेस टपन, ही लेखणी धरा—"

"लेखणीने?" दादा वुडगेट म्हणाला. "पलीकडच्या गावी बायकोला लग्नात अंगठीऐवजी सुतळीपण बांधत असतील. इथे काठी लागते. माझ्या बापाने काठीने घेतलं, आज्याने काठीने घेतलं."

"मग ही पट्टी चालेल? लाकडाचीच आहे."

"लाकूड जहागिरीच्या हद्दीत वाढलेलं लागतं, साहेब. ही लूइसच्या दुकानातली."

बाकीच्या पाचही पंचांनी माना डोलावल्या. मिस्टर लॅशमार वाद घालणार होता, पण त्याच्या लक्षात आलं की या सहा माणसांना संध्याकाळपर्यंत दुसरं काम नाही. जिन्याखाली जेसी टोपी हातात घेऊन उभा होताच. त्याला वरून हाक मारून सांगितलं, एक काठी करून आण, गावच्या लाकडाची, लवकर. 'लवकर' हा शब्द जेसी पेलिंगला सांगून उपयोग नव्हता. त्याने आयुष्यात कुठलीही गोष्ट लवकर केली नव्हती, लग्नाचं तर सर्वांना माहीत होतं.

पाऊण तास झाला. पंचांचे प्याले दुसऱ्यांदा भरले. ते भरायला गुत्त्याचा मालक सार्जंट बूर्मन वर आला. क्रिमियाच्या लढाईतून एक पाय लंगडा आणि आवाज चांगला ठणठणीत घेऊन आलेला हा माणूस. त्याला गप्प बसवत नाही.

"थर्झाबाई, ऐकतोय ते खरं? सरेंडर करताय? तोफा चालू असताना मी केलं नाही. बर्फात बूट खायची पाळी आली, तरी केलं नाही. आणि तुम्ही? पेलिंगपुढे? त्याच्याकडे तर टोपल्याच आहेत."

पंच हसले. थर्झा हसली नाही. तिचा चेहरा पडला, कारण रात्री अंथरुणात तिला नेमकं हेच वाटलं होतं. आपण हरतोय का?

मिस्टर लॅशमारने चष्मा पुसला. हा विषय त्याच्या आवडीचा होता आणि तो सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "सार्जंट, हा शब्द तुमचा नाही. आमचा आहे. नॉर्मन लोकांनी आणला, त्यांच्या फ्रेंच बोलीतून. त्यातला अर्धा शब्द म्हणजे 'वर', आणि उरलेला अर्धा म्हणजे 'परत देणं'. जमीन वरून आली, ती वर परत द्यायची, एवढाच अर्थ. चारशे-साडेचारशे वर्षं झाली, असल्याच माड्यांवर, असल्याच टेबलांवर तो वापरात आहे. तलवारी-बिलवारी नंतरच्या. तुम्हा शिपायांनी तो आमच्याकडून उसना नेला आणि अजून परत केला नाही."

"उसना म्हणजे," सार्जंट पुटपुटला, "कोण म्हणतं."

"आणि मिसेस टपन," कारभारी तिच्याकडे वळला, आवाज जरा खाली आणून, "सरेंडर कुणालाही करता येत नाही. ज्याच्या हातात काही आहे त्यालाच करता येतं. भिकाऱ्याला नाही करता येणार, चोराला तर नाहीच. त्याच्या हातून फक्त काढून घेता येतं."

थर्झाने हे नीट ऐकून घेतलं. बरं वाटलं तिला, पण पुरतं नाही. ती उठून खिडकीशी गेली. तिथून टेकडीच्या उतारावरचं तिचं घर दिसत होतं. नासपतीही दिसत होती, पिवळी पडत चाललेली. आणि नासपतीच्या बुंध्यापासून कुंपणाच्या खांबापर्यंत दोरी बांधून, त्यावर चादरी, लंगोट आणि ईलायच्या दोन विजारी वाळत घालून, हॅना खुशाल उभी होती.

चौतीस वर्षांत त्या झाडाला कुणी दोरी बांधली नव्हती.

थर्झा खिडकीपासून वळली. राग म्हणावा तर राग, रडू म्हणावं तर रडू. "मी आलेच," ती म्हणाली, शाल ओढली आणि दाराकडे निघाली. ईलाय म्हणाला, "आई?" पण ती थांबली नाही. लग्न नको, सरेंडर नको, सरळ घरी जायचं, दोरी तोडायची, मिठाचं मडकं उचलून डावीकडे ठेवायचं आणि मरेपर्यंत तिथेच बसायचं, असं तिने जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठरवलं.

चौथ्या पायरीवर जेसी आडवा आला. वर येत होता, धापा टाकत, हातात काठी.

काठी हातभर-दीड हात लांब, बोटाएवढी जाड, अशी तासलेली की उजेड तिच्यावरून घसरत होता. लाकूड चेस्टनटचं नव्हतं. तांबूस होतं, बारीक पोताचं. एका टोकाशी लहानसं काळं भोक होतं. थर्झाने ते भोक पाहिलं आणि कठड्याला धरून उभी राहिली. ते खिळ्याचं भोक होतं. तो खिळा तिनेच ठोकला होता, पाखरं हाकायचा पत्रा टांगायला. चार हिवाळ्यांपूर्वी मोठ्या बर्फात नासपतीची ती फांदी मोडली आणि तिने ती खाली पाठवून दिली होती.

"ही जाळायला दिली होती मी," ती म्हणाली.

"हं," जेसी म्हणाला. मग त्याला वाटलं असावं की आज 'हं' पुरणार नाही. "थर्झा, तू दिलेलं मला जाळता येत नाही."

नऊ वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती, आणि तीही जिन्यात, वर सहा पंच कान टवकारून बसलेले असताना. थर्झाने शाल नीट केली. "चला वर," ती म्हणाली. "उगाच लोकांना ताटकळत ठेवलंत."

दादा वुडगेटने काठी हुंगली, चावून पाहायचं तेवढं ठेवलं, आणि जहागिरीच्या हद्दीतलं लाकूड म्हणून पसंत केली. थर्झाने एक टोक धरलं. मिस्टर लॅशमारने दुसरं. त्याने जे म्हणायचं ते म्हटलं, तिने मागून म्हटलं. आता सोडायचं.

थर्झा सोडेना.

कारभाऱ्याने हलकेच ओढली. काठी हलली नाही. त्याने जरा जोराने ओढली. टेबल हललं, दौत हलली, काठी हलली नाही. एक पंच खोकला. सार्जंट दारातून म्हणाला, "शाब्बास, थर्झाबाई, धरून ठेवा," आणि माडीभर हशा पिकला.

"मिसेस टपन," मिस्टर लॅशमार हळूच म्हणाला, "सोडावं लागतं."

"माहितीये मला. एक विचारू? मी सोडली आणि ईलायने धरली, यांच्या मधे घर कुणाचं?"

"नावापुरतं जहागीरदारांचं."

"जहागीरदारांनी ते पाहिलंय कधी?"

"नाही. ते इकडे येत नाहीत."

"म्हणजे तेवढा वेळ कुणाचंच नाही."

कारभाऱ्याने विचार केला. पंचवीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "असं म्हणता येईल," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या. इतक्या जुन्या शब्दाला कसली घाई."

थर्झाने एकदा आपल्या हाताकडे पाहिलं. मग बोटं उघडली.

विहिरीवरून दोन भरल्या बादल्या आणून दारात ठेवाव्यात आणि खांदे आपोआप वर यावेत, तसं झालं. ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. तिला इतकं हसताना गावाने पाहिलंच नव्हतं, आणि पंच, सार्जंट, कारभारी, सगळे कशाला हसतोय ते न कळता हसत सुटले. ईलाय तेवढा रडत होता. काठीचं टोक त्याच्या हातात आलं तेव्हा तो म्हणाला, "आई, ती दोरी आजच काढायला सांगतो."

म्हणजे त्यानेही खिडकीतून पाहिलं होतं.

"राहू दे," थर्झा म्हणाली. "झाड दणकट आहे. कपडे तेवढे उन्हाच्या बाजूला घाल म्हणावं." जरा थांबून म्हणाली, "आणि मीठ उजवीकडेच बरं."

मग ती टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिला वाचता फारसं येत नव्हतं, म्हणून कारभाऱ्याने लिहिलेलं वाचून दाखवलं: थर्झा टपन हिने स्वतः कचेरीत येऊन, आपल्या हाताने, काठीने, सरेंडर केलं. सोळा वर्षांपूर्वीच्या पानावर ती नुसती 'नोआची विधवा' होती. तिने ती ओळ त्याला तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा पंचही ओठ हलवत बरोबर म्हणत होते.

"काठी कचेरीची," मिस्टर लॅशमार सामान आवरताना म्हणाला, "पण माझी घरी छत्र्यांच्या कुंडीत आहे. दोन घेऊन मी काय करू?" आणि त्याने नासपतीची काठी तिच्या हातात ठेवली.

लग्न नोव्हेंबरात झालं. माळ्यावरच्या नऊ टोपल्या खाली काढल्या, नासपतींनी भरल्या, आणि गावच्या नऊ बायकांनी त्या एकामागून एक टेकडी उतरून खाली नेल्या. पुढे हॅना, गात. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांना सार्जंटने आधीच पाजली होती, त्यामुळे घंटा वाजल्या जरा वेड्यावाकड्या, पण वाजल्या खूप. काळी टोपी थर्झाने ओढ्यात टाकली नाही, असली थेरं तिला ठाऊक नव्हती. धुऊन, उसवून, तिच्या भांडी उचलायच्या चिंध्या केल्या.

पुढच्या हिवाळ्यात तिने जुन्या झाडाचं कलम आणून जेसीच्या आवारात, ढलपे बाजूला सारून, लावलं. वय तेव्हा सत्तावन्न. रोप वाऱ्याने झुकायला लागलं तेव्हा तिने आतून ती काठी आणली आणि आधाराला रोवली. जेसी कळवळला. "अगं, मातीत कुजेल ती."

"कुजू दे. तोवर रोप उभं राहील."

काठी पाच वर्षांत कुजली. रोप तोवर उभं राहिलं होतं. सातव्या वर्षी त्याला चार फळं आली. त्या दिवशी सार्जंट बूर्मन कुंपणाशी टेकून नेहमीचा विनोद करत होता, की वेदरफोल्डात सरेंडर केलेली एकच शूर व्यक्ती आहे आणि ती इथे राहते. थर्झाने दोन फळं तोडली. एक जेसीच्या मांडीवर टाकलं, एक कुंपणावरून सार्जंटच्या हातात दिलं.

"घ्या," ती म्हणाली. "शब्द उसना नेलात तो नेलात. हे मात्र परत करायचं नाही."